श्रीहरिकोटा : अग्निबाणांचे बेट आणि आपला पाऊस

भातकापणीचे दिवस आले की जव्हार-मोखाड्यातल्या घरोघरचे डोळे आभाळाकडे लागतात. कापलेला भात दोन दिवस वावरात वाळायला हवा, नागलीची कणसे खळ्यावर यायला हवीत, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस गाठतो. पूर्वी मुंग्यांची रांग पाहून, वाऱ्याचा रोख पाहून, म्हाताऱ्या माणसांना विचारून आपण ठरवत होतो. आजही ठरवतो. पण आता रेडिओवर, टीव्हीवर किंवा घरातल्या पोराच्या मोबाईलवर बातमी येते, ‘पालघर जिल्ह्यात विजांसह पावसाचा इशारा’. वाचकहो, हा इशारा देणारा माणूस ढग कुठून पाहतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

तो ढग पाहतो छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाच्या डोळ्याने. असे उपग्रह आपल्या देशातून ज्या जागेवरून वर जातात, ते बंगालच्या उपसागराकाठचे एक रेताड बेट आहे. त्याचे नाव श्रीहरिकोटा. चांद्रयान तिथूनच गेले, हे शाळेतल्या मुलांना तोंडपाठ आहे. परंतु त्या बेटाचा आणि आपल्या खळ्याचा संबंध काय, ते बेट आधी कोणाचे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. मी थंडीच्या दिवसांत ते बेट पाहून आलो. तुम्हांलाही तिथे घेऊन जावे, म्हणून हा लेख.

भाताच्या देशातून

जव्हारहून विक्रमगड, वाडा, भिवंडी करीत एस.टी.ने कल्याण गाठावे आणि चेन्नईची गाडी धरावी. पुणे, सोलापूर मागे टाकून गाडी रायचूर, गुंतकलच्या बाजूला लागते. आपल्याकडची हिरवी डोंगररांग जाऊन काळी आणि मग तांबडी, दगडांच्या राशींची जमीन दिसू लागते. साधारण एक दिवस आणि एक रात्र असा हा प्रवास आहे. चेन्नईहून उत्तरेकडे जाणारी लोकल पकडली की दोन-अडीच तासांत सुल्लुरपेटा हे गाव येते. हे आंध्र प्रदेशात आहे. पूर्वी ते नेल्लोर जिल्ह्यात होते, २०२२ पासून तिरुपती जिल्ह्यात गेले. तमिळ भाषेत भाताला ‘नेल्लु’ म्हणतात आणि त्यावरूनच नेल्लोर हे नाव पडले, असे तिकडे सांगतात.

शेतकऱ्याच्या नजरेला इथे पहिली गंमत दिसते. आपल्याकडे भात कापून उडव्या रचून झालेल्या, आणि इथे वावरात हिरवागार भात उभा! कारण सरळ आहे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून येतो. इकडचा जोराचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून येतो. आपण विळा काढतो तेव्हा ते आवणीला लागतात. एकाच देशात दोन आभाळे आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पटते.

सुल्लुरपेट्याहून बेटाकडे जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना मैलोन्मैल उथळ, खारट पाणी. थंडीत या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. लांबून पाहिले तर पाण्यावर कोणी गुलाबी लुगडी वाळत घातली आहेत असे वाटते. रस्ता संपतो तिथे पहारा आहे. आधी नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवूनच पुढे जाता येते. आत एक संग्रहालय आहे, अग्निबाणांच्या प्रतिकृती आहेत आणि उड्डाण पाहण्यासाठी २०१९ साली बांधलेली मोठी प्रेक्षक गॅलरी आहे. उड्डाणाच्या दिवशी तिथे हजारो माणसे बसतात.

डहाणूचा किनारा का नाही?

बेट पाहताना माझ्या मनात आले, की समुद्र तर आपल्या पालघर जिल्ह्यालाही आहे. मग हा तळ डहाणूला का झाला नाही?

याचे उत्तर गोफणीत आहे. माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा पोरगा गुंडा तसाच भिरकावत नाही. आधी गोफण गरगरा फिरवतो आणि मग सोडतो. फिरण्याचा वेग गुंड्याला मिळतो. आपली पृथ्वी हीसुद्धा अशीच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आहे. विषुववृत्ताजवळ हा वेग सर्वांत जास्त असतो. श्रीहरिकोट्याची जमीन दर सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पूर्वेकडे धावते. बाण पूर्वेला सोडला की हा वेग त्याला फुकट मिळतो. उपग्रहाला पृथ्वीभोवती फिरत ठेवायला सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेग लागतो, तेव्हा अर्ध्या किलोमीटरच्या जवळपासची ही मदत लहान नाही.

दुसरी गोष्ट अशी. अग्निबाण हा एकसंध नसतो. एकावर एक रचलेले तीन-चार टप्पे असतात. एक टप्पा जळून रिकामा झाला की तो गळून पडतो आणि पुढचा पेटतो. घाट चढताना रिकामी झालेली ओझी टाकत जावे, तसेच हे. पण हे टन टन वजनाचे जळके नळकांडे पडणार कुठे? डहाणूहून पूर्वेला बाण सोडला तर जव्हार-मोखाड्यापासून थेट विदर्भापर्यंत ते कोणाच्या शेतावर पडेल याचा नेम नाही. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला मात्र नुसता समुद्र आहे. उड्डाणाच्या दिवशी कोळ्यांना आधी सूचना देतात, तेवढ्या पट्ट्यात होड्या जात नाहीत.

आरंभ थुंब्याच्या देवळात

तरीही आपल्या देशाचा पहिला अग्निबाण पश्चिम किनाऱ्यावरूनच उडाला, हे सांगितले पाहिजे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्या गावाजवळून जाते. तिथल्या आभाळात खूप उंचावर विजेचे प्रवाह वाहतात. त्यांचा अभ्यास करायला ही जागा उत्तम होती. तिथले बाण लहान. ते सरळ वर जायचे, मोजमाप करायचे आणि समुद्रात पडायचे. त्यामुळे पश्चिम किनारा चालला.

ही जागा शोधण्यात एक मराठी माणूस होता. एकनाथ वसंत चिटणीस, जन्म १९२५, कोल्हापूर. डॉ. विक्रम साराभाईंचे ते निकटचे सहकारी. थुंब्याची जागा हेरण्यात आणि पुढे श्रीहरिकोट्याच्या निवडीतही त्यांचा वाटा होता. वयाची शंभरी गाठून २०२५ साली ते पुण्यात वारले.

थुंब्यात कोळ्यांची घरे होती आणि सेंट मेरी मॅग्डालिन यांचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांना विचारले आणि गावकऱ्यांनी आपले चर्च आणि जागा दिली. त्या चर्चमध्येच पहिले कार्यालय थाटले. आता तिथे अवकाश संग्रहालय आहे. बाणाचे भाग सायकलवरून नेतानाचे त्या काळचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेला ‘नायके-अपाची’ बाण थुंब्याहून उडाला आणि वर जाऊन त्याने सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग सोडला. वरच्या थरातले वारे कसे वाहतात, ते त्या ढगावरून कळले. म्हणजे या सगळ्या उद्योगाची सुरुवातच वाऱ्याच्या अभ्यासाने झाली. पुढे १९७० ते १९९३ पर्यंत रशियाच्या मदतीने थुंब्याहून हवामानाचे बाण दर आठवड्याला सुटत असत.

परंतु उपग्रह वर नेण्यासाठी मोठा बाण हवा, मोठी जागा हवी आणि पूर्वेला समुद्र हवा. म्हणून १९६९ साली श्रीहरिकोटा निवडण्यात आले.

सुरूचे बन आणि यानादी

आता मूळ गोष्टीकडे येऊ. अग्निबाण येण्यापूर्वी श्रीहरिकोट्यावर काय होते? सुरूची आणि निलगिरीची लागवड होती. सरपणासाठी झाडे वाढवायची आणि तोडून बाहेर पाठवायची, असा तिथला उद्योग. रेताड जमिनीत सुरू जोमाने वाढतो, हे आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना ठाऊक आहे. आजही तळाच्या आवारात दाट झाडी आहे.

आणि त्या बनात माणसे राहत होती. यानादी या नावाची आदिवासी जमात. खाडीत मासे आणि खेकडे धरायचे, जंगलातला मध, कंद आणि औषधी मुळ्या गोळा करायच्या, लाकूडतोडीची मजुरी करायची, असे त्यांचे जगणे. जमिनीचा सातबारा त्यांच्या नावावर असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याविषयी ऐकताना मला सारखी आपल्या कातकरी बांधवांची आठवण येत होती. सरकारने बेट अवकाश खात्यासाठी घेतले, तेव्हा बेटावरच्या वस्त्या हलल्या. काहींना तळावर मजुरीची कामे मिळाली. परंतु जंगल आणि खाडी ही ज्यांची रोजची भाकर होती, त्यांना नव्या जागी दुसऱ्याच्या बांधावर काम शोधावे लागले.

मोखाड्याच्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण झाले. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. मोठ्या कामाला जमीन लागते, हे खरे. ती बहुधा अशा माणसाची जाते, ज्याच्याजवळ कागद नसतो आणि ज्याचा आवाज लांब जात नाही, हेही तितकेच खरे. अग्निबाणाचा इतिहास सांगताना थुंब्याच्या चर्चची गोष्ट सगळे सांगतात. यानादींची गोष्टही त्याच दमात सांगितली गेली पाहिजे.

पहिले पीक बुडाले

९ ऑक्टोबर १९७१ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिला लहान ‘रोहिणी’ बाण उडाला. त्याच वर्षाच्या अखेरीस साराभाई वारले. पुढे प्रा. सतीश धवन यांनी कारभार सांभाळला.

१० ऑगस्ट १९७९ रोजी आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण ‘एसएलव्ही-३’ सुटला. उंची २२ मीटर, वजन १७ टन, चार टप्पे. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पाच मिनिटांनी तो बंगालच्या उपसागरात कोसळला. वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली. त्या दिवशी पत्रकारांपुढे धवन स्वतः गेले आणि जबाबदारी आपल्यावर घेतली. पुढल्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, तोच बाण यशस्वी झाला, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. ही आठवण कलामांनीच अनेकदा सांगितली आहे. दुबार पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. १९८७ आणि १९८८ मध्येही पुढच्या जातीचे बाण फसले. ‘पीएसएलव्ही’चे १९९३ चे पहिले उड्डाण फसले आणि १९९४ चे दुसरे जमले.

१९८० साली जो उपग्रह वर गेला त्याचे वजन होते ३५ किलो, म्हणजे भाताच्या एका पोत्याहूनही कमी. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच बेटावरून चार हजार चारशे किलोंहून जड उपग्रह वर गेला. तो नेणारा बाण ६४० टन वजनाचा होता. २००२ पासून या तळाला सतीश धवन यांचे नाव दिलेले आहे, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी इथून शंभरावे मोठे उड्डाण झाले.

या कामात जीवही गेले आहेत. बाणाचे घन इंधन इथेच तयार होते. ॲल्युमिनियमची पूड, एक क्षार आणि रबरासारखा चिकट पदार्थ एकत्र मळून ते साच्यात ओततात. २३ फेब्रुवारी २००४ रोजी या इंधनाला आग लागून सहाजण दगावले. उड्डाणाच्या टाळ्या वाजवताना त्यांचीही आठवण असावी.

आपल्या पदरात काय पडले?

या घन इंधनाच्या कामात आणखी एक मराठी नाव मोठे आहे, डॉ. वसंत गोवारीकर. ते १९६७ साली इंग्लंडमधून थुंब्याला आले आणि १९७९ ते १९८५ तिथल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. आपल्याला त्यांची ओळख हवी ती दुसऱ्याच कारणासाठी. दिल्लीला विज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकाराने १९८८ साली मान्सूनच्या अंदाजाची सोळा घटकांची पद्धत तयार झाली. हवामान खाते अनेक वर्षे तीच पद्धत वापरीत होते. २००२ च्या दुष्काळात तिचा अंदाज चुकला आणि २००३ पासून नव्या पद्धती आल्या. हेही लपवायचे कारण नाही. अग्निबाण काय किंवा अंदाज काय, चुकल्यावर सुधारणे हाच त्यातला मार्ग आहे.

आज ढगांवर नजर ठेवणारे उपग्रह श्रीहरिकोट्याहून जातात. ‘इन्सॅट-३डीआर’ ८ सप्टेंबर २०१६ ला गेला आणि ‘इन्सॅट-३डीएस’ १७ फेब्रुवारी २०२४ ला. इतक्या उंचीवर असा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळे तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा असतो आणि दर अर्ध्या तासाने ढगांचे चित्र पाठवू शकतो. अरबी समुद्रात वादळ जन्माला आले की ते किनाऱ्याला येण्याच्या कितीतरी आधी दिसते. डहाणू, सातपाटीचा कोळी वेळेवर माघारी फिरतो तो याच जोरावर.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह खालून फिरतात आणि जमीन पाहतात. पावसाळ्यात चार महिने आपले डोंगर ढगात असतात. साध्या कॅमेऱ्याला तेव्हा काही दिसत नाही. रडारचा उपग्रह मात्र ढगांतून आरपार पाहतो. भारत आणि अमेरिका यांनी मिळून केलेला ‘निसार’ हा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. बारा दिवसांत दोनदा तो जवळजवळ सगळी जमीन तपासतो. मातीत ओल किती, पीक कसे, डोंगरउतार किती सरकला, हे त्यावरून कळते.

आता मी शेतीखात्यातला माणूस म्हणून दोन गोष्टी रोखठोक सांगतो. पहिली, जिल्ह्याचा अंदाज हा जिल्ह्याचा असतो, तुमच्या पाड्याचा नसतो. पालघरचा किनारा आणि सूर्यमाळचे पठार यांचा पाऊस एक नाही. म्हणून इशारा ऐकावा आणि त्याला आपल्या डोंगराची ओळख जोडावी. घरातल्या म्हाताऱ्यांचे ज्ञान उपग्रहामुळे फुकट गेलेले नाही.

दुसरी, इशारा ऐकून काही केले तरच त्याचा उपयोग. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर युरिया टाकू नये, तो खत म्हणून नव्हे तर ओढ्याला दान म्हणून जातो. फवारणी पुढे ढकलावी. कापणीच्या दिवसांत दोन दिवस पावसाचे असतील तर उभा भात आणखी थोडा थांबू शकतो, कापून आडवा पडलेला थांबत नाही. कापून झाला असेल तर वाळलेला तेवढा उचलून उंचवट्यावर उडवी रचावी आणि वरून झाकावी. मोगऱ्याच्या बागेत चर मोकळे करावेत. विजांचा इशारा असेल तर गुरे घेऊन झाडाखाली उभे राहू नये. या सगळ्याला पैसा लागत नाही, वेळेवर मिळालेली बातमी लागते. आणि बातमी मोबाईल असलेल्या घरात अडकून राहू नये. ज्याच्या घरी ती आली त्याने ती पाड्यावर बोलून दाखवावी. शाळेच्या फळ्यावर रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुष्कळ झाले.

देण्याघेण्याचा हिशेब

तमिळनाडूत तूत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टणम येथे आता दुसरा तळ होतो आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथून लहान बाण सरळ दक्षिणेला सोडता येतील. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला जाताना श्रीलंका टाळण्यासाठी वळण घ्यावे लागते आणि त्यात इंधन खर्ची पडते. त्या तळालाही दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागली. पुढेही लागत राहील.

अशा जागांचा अभिमान बाळगावाच. आश्रमशाळेतल्या एखाद्या मुलीला श्रीहरिकोटा पाहायला मिळाले, तर तिच्या डोक्यात काय पेटेल ते सांगता येत नाही. चिटणीस आणि गोवारीकर हेही कुठल्याशा शाळेतलीच मुले होती. परंतु अभिमानाबरोबर हिशेबही मांडावा. यानादींनी खाडी दिली, थुंब्याच्या कोळ्यांनी चर्च दिले. त्या जागेवरून जे ज्ञान खाली येते, ते शहरातल्या बातम्यांपुरते उरले तर त्यांचे देणे वाया गेले. ते मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यावर, कापलेल्या भाताच्या कडपेपर्यंत, पाऊस पडण्याच्या आधी पोहोचले, तर त्या देण्याची थोडीतरी परतफेड झाली. आणि ज्यांनी जागा दिली, त्या यानादींच्या दारातही ते तेवढ्याच वेळेवर पोहोचायला हवे. तो त्यांचा पहिला हक्क आहे.